बाळाची लूट आणि चंद्रपूरची वाट

आमचा मुलगा अजून वर्षाचाही झाला नव्हता, तेव्हा त्याची पहिली संक्रांत आली. आम्ही आलापल्लीला वनखात्याच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. नवरा खात्यात नोकरीला, मी गावातल्या शाळेत शिक्षिका. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, दोनदा पोटातलं गमावून बसल्यावर, हा मुलगा झालेला. त्यामुळे आनंद होता तसा धाकही होता. तो झोपला की मी त्याच्या नाकाशी बोट धरून बघायची. सासूबाई आमच्याजवळच राहायच्या. त्या म्हणायच्या, लेकरू झोपलं आहे, त्याला झोपू दे. मग मी स्वयंपाकघरात गेले की त्याच हळूच जाऊन बघून यायच्या.

संक्रांतीनंतर रथसप्तमीपर्यंत कधीतरी लहान मुलाची लूट करतात. पुण्याकडे बोरन्हाण म्हणतात तेच. मुलाला काळं झबलं घालायचं, अंगावर हलव्याचे दागिने चढवायचे, पाटावर बसवून डोक्यावरून बोरं, उसाचे तुकडे, मुरमुरे, हरभऱ्याचे घाटे ओतायचे, आणि भोवतीच्या पोरांनी ते लुटायचं. सासूबाईंनी ठरवलं होतं की एवढी वाट पाहून झालेलं लेकरू, त्याची लूट जोरात करायची. दागिने चंद्रपूरच्या बाजारात तयार मिळतात, पण मला ते घरीच करायचे होते.

हलवा मी तोवर कधी केला नव्हता. मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकले, तोही अडकत अडकत, कारण आमच्या क्वार्टरमध्ये रेंज खिडकीच्या एका कोपऱ्यातच यायची. परातीत तीळ घ्यायचे, खाली मंद शेगडी, आणि चमचाभर पाक टाकून बोटांनी फिरवत राहायचं. पाक सुकला की पुन्हा चमचाभर. पहिल्या दिवशी माझी बोटं भाजली आणि हलवा झाला नुसता गुळगुळीत, साबुदाण्यासारखा. शेजारच्या भाभी बघायला आल्या. त्यांच्या घरचं गावात बांगड्यांचं दुकान होतं, तिथे त्याच बसत. त्या म्हणाल्या की गरमीत पाक सुकत नाही, सकाळच्या थंडीत करून बघा. मग आम्ही उजाडता उजाडता मागच्या ओट्यावर शेगडी मांडली. समोर सागाच्या झाडांवर धुकं, अंगावर शाल, आणि परातीत हळूहळू पांढऱ्या दाण्यांवर काटा उठायला लागला. सासूबाई वाकून बघत राहिल्या. त्यांच्या गावाकडे तीळगूळ करायचे, हे असलं नाजूक काम त्यांनी पाहिलं नव्हतं.

दागिने भाभींनी जुळवले. जाड पुठ्ठा कापून मुकुट केला, बांगड्यांच्या डब्यातली सोनेरी लेस त्याला लावली, हलव्याचे दाणे दोऱ्यात ओवून हार, बाजूबंद आणि कंबरपट्टा केला. एक छोटी बासरीसुद्धा केली. मी काळ्या कागदाचे पतंग कापून भिंतीवर माळ लावली. सासूबाईंनी तिळाचे लाडू केले. आमच्याकडे त्यात भाजलेले शेंगदाणे घालतात, अर्धे कुटून, अर्धे तसेच, म्हणजे दाताखाली येतात.

लुटीच्या आदल्या दिवशी नवऱ्याला ऑर्डर आली. हत्तींचा कळप जिल्ह्याच्या वरच्या भागात गावांजवळ फिरत होता आणि इकडचे लोक मदतीला बोलावले होते. तो म्हणाला, पुढच्या आठवड्यात करू. पण बायकांना बोलावून झालं होतं, बोरं घरात येऊन पडली होती. सासूबाई म्हणाल्या, तू जा, आम्ही करतो. तो गेला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही लूट केली.

कार्यक्रम छान झाला. मुलगा मुकुट सांभाळत बसला, मग त्यानं तो ओढून काढला, हार तोंडात घातला, सगळ्या बायका हसल्या. सुपातून बोरं आणि मुरमुरे ओतले तेव्हा तो आधी दचकला, मग टाळ्या वाजवायला लागला. पोरांनी लुटालूट केली. मी हळदीकुंकवाचं ताट आणायला आत गेले आणि तेवढ्यात बाहेरून खोकल्याचा आवाज आला.

मी धावत आले. तो सासूबाईंच्या मांडीवर होता. खोकून खोकून तोंड लालबुंद झालं होतं आणि मध्येच आवाजच बंद झाला. तोंड उघडं, डोळ्यांतून पाणी, पण आवाज नाही. ते क्षण किती होते मला माहीत नाही. भाभींनी त्याला उचलून हातावर पालथं घातलं आणि पाठीवर थापट्या मारल्या. त्याला एकदम मोठा श्वास आला, तो जोरात रडला, आणि थोड्या वेळानं गप्प झाला. तोंडात बोट घालून पाहिलं, काहीच नव्हतं. बायका म्हणाल्या, ठसका लागला असेल, हलव्याची साखर असेल, विरघळून जाईल. तासाभरात तो पुन्हा खेळायला लागला.

सगळे गेल्यावर मी तुटलेला हार दिव्याखाली धरून बघितला. कुठले दाणे त्यानं चघळले, कुठले गळाले, काही कळायला मार्ग नव्हता. सासूबाईंनी मीठ-मिरच्या उतरवून टाकल्या. त्या मला म्हणाल्या, "काई नाई होत त्याले. नजर लागली माह्या लेकराले." पण त्या माझ्याकडे न बघता बोलत होत्या आणि त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. मला वाटलं, थकल्या असतील.

दुसऱ्या दिवशी तो बरा होता. थोडा खोकला, बाकी दूध प्यायला, खेळला. दुपारी तो माझ्या खांद्यावर झोपला असताना मला त्याच्या श्वासातून आवाज आला. बारीक शिट्टीसारखा. श्वास सोडला की यायचा. मी त्याला कूस बदलून निजवलं, आवाज गेला. पुन्हा उचललं, पुन्हा आला. मी त्याच्या पाठीला कान लावून बसून राहिले. डाव्या बाजूला श्वास भरून ऐकू येत होता. उजव्या बाजूला कान लावला तर जणू भिंतीपलीकडून कुणी बोलतंय, इतका लांबचा. मला वाटलं, मलाच भास होतोय. आधीच्या दोन्ही गरोदरपणांत मला असंच काहीतरी चुकतंय असं वाटलं होतं आणि लोकांनी समजूत घातली होती.

सासूबाईंना बोलावून म्हटलं, आई, तुम्ही ऐकून बघा. त्यांनी कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग उठून म्हणाल्या, सर्दी असेल, ओव्यानं शेकू. ओवा काढताना त्यांच्या हातून डबा सांडला हे मी पाहिलं, पण विचारलं नाही. नवऱ्याला फोन लावला, लागला नाही. तो जिथे होता तिथे दिवसभर रेंज नसायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याचं अंग कोमट लागलं, तेव्हा मी थांबले नाही. भाभींना हाक मारली आणि सासूबाई धरून आम्ही तिघी त्याला घेऊन सरकारी दवाखान्यात गेलो. तरुण डॉक्टर होते. त्यांनी नीट तपासलं. छातीला स्टेथोस्कोप लावून पुन्हा पुन्हा ऐकलं. म्हणाले, उजव्या बाजूला हवा कमी जाते आहे असं वाटतं. कफामुळेही असं होतं, तीच शक्यता जास्त. मग त्यांनी विचारलं की याच्या तोंडात काही गेलं होतं का.

मी लुटीचं सांगितलं. हलव्याचा हार त्यानं चघळला होता. डॉक्टर म्हणाले, हलव्यातली साखर विरघळते, आतला तीळ लहान असतो. शेंगदाणा, फुटाणा असं काही होतं का? मी म्हटलं, पाटाजवळ बोरं आणि मुरमुरे होते. मी घाबरून मुद्दाम सुपात शेंगदाणे, फुटाणे घातलेच नव्हते. डॉक्टरांनी मान हलवली आणि औषधं लिहायला घेतली. दोन दिवस बघू, नाही तर या, म्हणाले. मला खरं तर हायसं वाटलं. कुणीतरी शिकलेला माणूस काही नाही म्हणतोय, ते ऐकायला मी तयारच बसले होते.

तेव्हा मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या सासूबाई बोलल्या.

"साहेब, मीच देल्ला होता लाडू."

आम्ही वळून पाहिलं. त्यांनी पदराचं टोक तोंडावर धरलं होतं.

"पहिली संकरात म्हून इतकुसा तोंडात देल्ला. शेंगदाणा आहे त्याच्यात. अख्खा नाई, अर्धा असन. त्याच्यानंतरच त्याले खोकला आला."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ते रागावले नाहीत. आजी, बरं झालं सांगितलंत, एवढंच म्हणाले. मग त्यांनी सगळं बदललं. म्हणाले की शेंगदाणा श्वासाच्या नळीत असेल तर तो फुगत जातो, एक्सरेत दिसेलच असं नाही, आणि इथे तो काढायची सोय नाही. आत्ता लगेच चंद्रपूरला न्या, तिथे दुर्बिणीनं काढतात, मी फोन करतो. त्यांनी दोन गोष्टी मला दोनदा सांगितल्या. बाळाला आता काही पाजायचं नाही, कारण तिथे भूल द्यावी लागेल. आणि वाटेत त्याला शक्यतो रडू द्यायचं नाही. जोरात रडला, खोकला, तर दाणा हलेल. आत्ता एका बाजूची नळी बंद आहे. वरती येऊन मुख्य नळीत अडकला तर...

ते तिथेच थांबले. मी बाळाला उचलून उभी राहिले.

दवाखान्याची गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन आधीच गेली होती आणि तिला परतायला वेळ होता. भाभींनी त्यांच्या नवऱ्याला फोन केला. चंद्रपूरहून बांगड्यांचा माल आणायला त्यांच्याकडे एक छोटी व्हॅन होती. तो दुकानाचं शटर पाडून तसाच आला.

गाडीत बसायच्या आधी मुलगा माझ्या छातीकडे तोंड फिरवू लागला. त्याची दुधाची वेळ होत आली होती. मी त्याला छातीशी धरलेलं आणि पाजायचं तर नाही. भाभींच्या ते आधी लक्षात आलं. त्यांनी त्याला माझ्याकडून घेतलं आणि म्हणाल्या, "बाई, तुम्ही समोर बसा. तुमच्या वासानं तो दूध मांगते. मागं वळून पाहू नका, त्याले दिसू नका तुम्ही."

मी ड्रायव्हरशेजारी बसले. मागे भाभी, त्यांच्या मांडीवर तो, आणि बाजूला सासूबाई. माझं मूल माझ्या पाठीमागे हातभर अंतरावर होतं आणि मला त्याच्याकडे बघायचं नव्हतं. मी कानांनीच त्याच्यावर नजर ठेवली. भाभींच्या बांगड्यांचा आवाज यायचा, त्या त्याला हातातल्या बांगड्या काढून खेळायला देत होत्या, काहीतरी गुणगुणत होत्या. मध्ये ती शिट्टी यायची. शिट्टी आली की मला वाटायचं, अजून श्वास चालू आहे. थांबली की पुढची येईपर्यंत मी मनात आकडे मोजायची.

रस्ता ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. सूरजागडकडून खनिजाचे ट्रक एकामागून एक येतात, रस्त्याला खड्डे, आणि थंडीतही लाल धूळ. भाभींचा नवरा एरवी गाडी जोरात हाणणारा माणूस, पण त्या दिवशी प्रत्येक खड्ड्याशी गाडी जवळजवळ थांबवून न्यायचा. मला वाटायचं, जोरात चालव. पुढच्याच क्षणी गाडी हिंदकळली की वाटायचं, हळू, हळू. मी दोन्ही गोष्टी मनात बोलत होते आणि तोंडातून एकही शब्द काढत नव्हते, कारण माझा आवाज त्यानं ओळखला असता.

आष्टीच्या अलीकडे ट्रकांची रांग लागली होती. पुढे एक ट्रक बंद पडून आडवा झाला होता. आम्ही थांबलो. गाडी थांबली तसा तो कुरकुरायला लागला. चालत्या गाडीत तो रमला होता. आता भूकही लागली होती. आधी बारीक कुरकुर, मग ते ओठ काढून रडणं, जे पुढे मोठं होत जातं हे आईला कळतं. माझ्या छातीत दूध दाटून आलं, ब्लाउज ओला झाला. मी सीटची कड दोन्ही हातांनी धरून बसले. तो खोकला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा खोकताना आवाज अडकला आणि मी मागे वळले, वळू नका म्हटलेलं असूनही.

त्यानं मला पाहिलं. दोन्ही हात माझ्याकडे केले.

सासूबाईंनी तेव्हा जे केलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. त्यांनी त्याला भाभींकडून उचललं, दार उघडून खाली उतरल्या आणि रस्त्याच्या कडेनं रांगेतल्या ट्रकांकडे चालू लागल्या. त्या धुळीत त्याला छातीशी उभा धरून, पदरानं त्याचं नाक झाकून, त्या एकेका ट्रकापाशी थांबत त्याला काय काय दाखवत होत्या. ट्रकांना पुढे काळे गोंडे लावलेले असतात, लिंबू-मिरच्या, रंगीत माळा असतात. तो ते बघत राहिला. मी गाडीतूनच बघत होते. त्याचे हात खाली आले. तो रडायचा थांबला होता. इकडे भाभींचा नवरा पुढे जाऊन ड्रायव्हरांशी बोलला, थोडं हिंदीत, थोडं तेलुगूत. मग दोन ट्रक मागे सरकले आणि कडेनं व्हॅन जाईल एवढी जागा झाली. आम्ही निघालो. सासूबाई त्याला घेऊन पुढे चालत गेल्या होत्या, त्यांना वाटेत घेतलं. त्यांचे पाय गुडघ्यापर्यंत लाल झाले होते.

गोंडपिपरीच्या पुढे तो झोपला. झोपल्यावर मला जास्त भीती वाटली. जागा असताना निदान आवाज होता. मी भाभींना मध्ये मध्ये विचारायचे, आणि त्या दर वेळी "हो, हो, श्वास चालू आहे" म्हणायच्या, न कंटाळता.

चंद्रपूरला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. आलापल्लीच्या डॉक्टरांनी खरंच फोन केला होता, तिथले लोक तयार होते. त्यांनी कागदावर माझी सही घेतली आणि त्याला आत नेलं. दार बंद झाल्यावर आतून त्याचं रडणं आलं आणि मग एकदम थांबलं. भूल दिली असणार, हे मला कळत होतं. तरी मी दारावर हात ठेवून उभी राहिले. भाभींनी मला ओढून बाकावर बसवलं.

तिथे सासूबाई माझ्याशी बोलल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "दोन दिस मी बोलली नाई. मले वाटलं, आपोआप निघन. मले भेव वाटे तू काय म्हणशील, माहा पोरगा काय म्हणन. त्याले काई झालं असतं तं मी घरी नाई आली असती, बाई."

दोन दिवस मीही त्यांचं न जेवणं, नजर चुकवणं पाहून काही विचारलं नव्हतं. रागही आला होता, खोटं कशाला सांगू. पण त्या क्षणी माझ्याइतकं घाबरलेलं त्या बाकावर दुसरं कुणी असेल तर त्याच होत्या. मी त्यांचा हात धरला. तो बर्फासारखा गार होता.

नवरा आला तो खाकी कपड्यांतच. कुणीतरी वायरलेसवरून निरोप पोचवला होता, तो मिळेल त्या गाडीनं निघून आला होता. तो येऊन उभा राहिला आणि काय झालं ते विचारायच्या आतच दार उघडलं.

डॉक्टरीणबाईंच्या हातात छोटी काचेची बाटली होती. तिच्या तळाशी अर्धा शेंगदाणा. पाण्यानं फुगलेला, मऊ पडलेला. त्या म्हणाल्या की उजव्या नळीत घट्ट बसला होता, तुकडे न होता निघाला हे नशीब, अजून दोन दिवस गेले असते तर अवघड होतं. आता एक दिवस ठेवू, ताप उतरला की घेऊन जा. नवऱ्यानं बाटली हातात घेतली आणि उजेडाकडे धरून बघत राहिला. त्याला अजून काहीच माहीत नव्हतं. मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी त्याला बाजूला नेलं आणि स्वतःच सांगितलं. नंतर त्यानं त्यांना चहा आणून दिला आणि त्या पिईपर्यंत समोर उभा राहिला. तीन दिवसांत त्यांच्या पोटात गेलेली ती पहिली गोष्ट असावी.

संध्याकाळी मुलाला माझ्याकडे दिलं. आवाज बसलेला, पण भूक तीच. तो दूध पीत होता आणि मी त्याच्या पाठीवर हात फिरवत होते. दोन्ही बाजूंनी श्वास सारखा येत होता. मला मोकळं वाटायला हवं होतं, पण दुसऱ्या दिवशी घरी पोचेपर्यंत मी पुन्हा पुन्हा त्याच्या पाठीला कान लावत राहिले.

पुढच्या संक्रांतीला सासूबाईंनी लाडू केलेच नाहीत. तीळ भाजून, कुटून, गुळात कालवून नुसती मऊ वडी केली आणि तीही त्याला कुणी दिली नाही. मीच शेवटी नखाएवढी दिली, आणि तो गिळेपर्यंत आम्ही दोघी त्याच्या गळ्याकडे बघत होतो.

त्याच वर्षी कॉलनीत एका नव्या फॉरेस्टरच्या मुलाची लूट होती. आम्हाला बोलावणं होतं. सासूबाई सहसा कुणाकडे जात नसत, पण त्या दिवशी माझ्याआधी तयार होऊन बसल्या. तिथे गेल्यावर पाटाजवळ सूप भरून ठेवलं होतं. बोरं, करवंदाएवढे चॉकलेटचे गोळे, फुटाणे, शेंगदाणे. मुलाची आई एटापल्लीकडची, वयानं लहान, नवी साडी नेसून सगळ्यांना कुंकू लावत होती. सासूबाई तिच्याजवळ गेल्या आणि सगळ्या बायकांसमोर, जराही आवाज कमी न करता, तिला म्हणाल्या, "पोरी, मी माह्या नातवाले लाडवातून असाच शेंगदाणा देल्ला होता. मरता मरता वाचला तो."

कुणाला तरी ते अशुभ वाटलं असावं, एका बाईनं नाक मुरडलं. ती पोर खाली बसून सुपातून एकेक शेंगदाणा, एकेक फुटाणा वेचून पदरात घ्यायला लागली. सासूबाई तिच्याशेजारी बसल्या आणि त्याही वेचू लागल्या. मी मुलाला कडेवर घेऊन दारात उभी होते. त्या सुपाजवळ जायला माझं मन धजत नव्हतं, आणि ती लूट पुरी होईपर्यंत मी तिथेच उभी राहिले.